‘चार्ज’ आहे असं कळलं, तर पुढे काय करायचं?

वाचकांच्या प्रश्नांमध्ये एक गोंधळ पुन्हापुन्हा दिसतो. ‘कर्ज फेडून वर्ष झालं, तरी जमिनीवर चार्ज आहे म्हणतात. तो किती भरायचा?’ ‘मुलावर चार्जशीट झालं, म्हणजे त्याची नोकरी गेलीच का?’ ‘कामावर चार्जशीट हातात दिलंय, जामीन घ्यावा लागेल का?’ विचारणारे जाणते असतात, घरात कागदपत्रं सांभाळणारे असतात. घोटाळा त्यांच्या समजुतीचा नाही. बँक, तलाठी कार्यालय, पोलीस ठाणं, आस्थापना विभाग आणि हॉटेलचा गल्ला अशा सगळ्या ठिकाणी ‘चार्ज’ हाच शब्द चालतो. प्रत्येक जण तो आपापल्या अर्थाने वापरतो आणि समोरच्याला तो अर्थ ठाऊक आहे असं धरून चालतो. त्यात कुणी न भरायचे पैसे भरतं, तर कुणी उत्तर द्यायची मुदत घालवून बसतं.

आधी एवढं विचारून घ्या

- चार्ज कशावर आहे? खात्यावर, मालमत्तेवर, माणसावर की पदावर? खात्यावर असेल तर ते शुल्क, मालमत्तेवर असेल तर बोजा, माणसावर असेल तर आरोप आणि पदावर असेल तर कार्यभार.
- कागद कुणी दिला, आणि त्यावरची तारीख कोणती?
- कोणत्या नियमाखाली किंवा कलमाखाली दिला?

ही उत्तरं लेखी घ्या. काउंटरवर कुणी ‘काही नाही हो, छोटासा चार्ज आहे’ म्हणालं, तरी तेवढ्यावर परत फिरू नका.

मालमत्तेवरचा चार्ज, म्हणजे बोजा

सगळ्यांत जास्त पैसे आणि वर्षं याच अर्थापायी वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

तुमची जमीन किंवा घर एखाद्या देण्यासाठी तारण लागतं, तेव्हा त्यावर चार्ज बसतो. मालकी तुमचीच राहते, पण देणं फिटेपर्यंत त्या मालमत्तेतून वसुली करण्याचा हक्क दुसऱ्याला मिळतो. या चार्जचा वेगळा असा आकडा नसतो. तो ‘भरायचा’ नसतो. मूळ देणं फेडायचं आणि मग नोंद उतरवून घ्यायची, अशी ही दोन स्वतंत्र कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं, असं बहुतेकांना वाटतं. सातबाऱ्याच्या बाबतीत ते बहुधा होत नाही.

*शेतजमीन असेल तर*

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजाची नोंद असते. बँकेचं किंवा सोसायटीचं नाव, रक्कम आणि फेरफार क्रमांक तिथे दिसतो. विकास सोसायटीचं कर्ज असेल, तर सभासदाने करून दिलेल्या इकराराची नोंद तिथेच सापडते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे असा इकरार केलेली जमीन कर्ज व्याजासह पुरतं फिटेपर्यंत विकता येत नाही, आणि तरीही विकली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. त्यामुळे ‘इतर हक्कात सोसायटीची किरकोळ रक्कम आहे, ती नंतर बघू’ असं विकणारा म्हणाला, तर इसार देऊ नका.

बोजा उतरवण्याचा क्रम असा:

1. कर्ज फिटल्यावर बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या. त्याच वेळी बोजा कमी करण्याविषयीचं पत्रही मागा. नुसत्या दाखल्यावर काम अडतं, ते याच पत्रासाठी.
2. दोन्ही कागद जोडून तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या. ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. अर्जाची पोच जपून ठेवा.
3. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात.
4. त्यानंतर नवा डिजिटल सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जुनी नोंद रद्द झालेली दिसली पाहिजे.

चौथी पायरी बरेच जण गाळतात. मग दहा वर्षांनी वाटणी किंवा विक्री निघते, तेव्हा दाखला सापडत नाही, बँकेची शाखा दुसरीकडे विलीन झालेली असते, आणि कधीच फिटलेल्या कर्जासाठी वारसांना चकरा माराव्या लागतात. तुमच्या वडिलांच्या नावचा सातबारा घरात असेल, तर या आठवड्यात तेवढा एक रकाना वाचून काढा.

*घर किंवा फ्लॅट असेल तर*

गृहकर्जात बहुतेकदा मूळ करारनामा बँकेकडे ठेवून तारण केलं जातं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा तारणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. शिवाय सरसाई या केंद्रीय नोंदवहीतही बँक नोंद करते. म्हणजे कर्ज फिटल्यावर बँकेच्या नोंदीबरोबर या नोंदीही मिटायला हव्यात.

इथे तुमच्या बाजूने एक भक्कम नियम आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी परिपत्रक काढलं आणि ते १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालं. गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज यांसारखी वैयक्तिक कर्जं त्यात येतात. त्यानुसार:

- पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कोणत्याही नोंदवहीतला चार्ज काढून टाकायचा.
- बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची.
- कागदपत्रं बँकेकडून हरवली किंवा खराब झाली, तर नक्कल काढायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच सोसायचा. अशा वेळी भरपाई मोजण्याआधी आणखी ३० दिवस मिळतात.
- कर्ज ज्या शाखेत होतं तिथून किंवा कागदपत्रं असतील त्या दुसऱ्या कार्यालयातून ती घ्यायची, हे कर्जदाराने ठरवायचं.
- कर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारसांना कागद परत देण्याची पद्धत बँकेने आधीच ठरवलेली असली पाहिजे.

म्हणून शेवटचा हप्ता भरल्याच्या दिवशीच शाखेला तारखेचं पत्र द्या आणि पोच घ्या. भरपाईचे दिवस मोजायचे झाले तर हाच कागद कामाला येईल. हे परिपत्रक बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी आहे. पतसंस्था त्याखाली येत नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे न्यावी लागते.

*वाहन असेल तर*

आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असणं, हाही चार्जचाच प्रकार. हप्ते संपले की एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओकडे नोंद काढून घ्या. एनओसीवर मुदत छापलेली असते. ती उलटली, की पुन्हा कंपनीच्या दारात जावं लागतं.

*विकत घेणाऱ्यांनी काय पाहावं*

- मूळ नोंदणीकृत करारनामा पाहायला मागा. विकणारा झेरॉक्स दाखवून ‘मूळ प्रत हरवली’ म्हणत असेल, तर ती कुठेतरी तारण आहे असं धरून चौकशी करा.
- वकिलाकडून शोध अहवाल घ्या. सरसाईत थोडक्या शुल्कात शोध घेता येतो, तोही घ्यायला सांगा.
- बिल्डर कंपनी असेल, तर तिचे नोंदलेले चार्ज केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. प्रकल्पावरच्या बोजाची माहिती महारेराच्या नोंदीतही शोधा.
- थकलेल्या मालमत्ता कराचा चार्ज त्या जागेवरच असतो. तो जुन्या मालकामागे जात नाही. त्यामुळे शेवटची कर पावती पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका.

एक हक्क मुद्दाम सांगतो, कारण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तुमच्याशी विक्री करार झाल्यानंतर बिल्डरला तुमच्या फ्लॅटवर नवा चार्ज बसवता येत नाही. बसवलाच, तर त्याने तुमच्या हक्काला बाधा येत नाही.

पैशांचे चार्जेस

आकारलेली प्रत्येक रक्कम मुकाट्याने द्यायची नसते. काही ठिकाणी नियम ग्राहकाच्या बाजूने स्पष्ट आहेत.

- कर्जावरचे चार्जेस: १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांसाठी बँकेला मुख्य तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. हे पत्रक म्हणजे कर्जाच्या जाड फायलीतलं सर्वांत उपयोगाचं पान. ते वेगळं काढून ठेवा.
- हप्ता चुकल्याचा दंड: तो आता ‘दंडव्याज’ म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळा दंड म्हणूनच लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.
- मुदतीआधी कर्ज फेडणं: व्यवसायाव्यतिरिक्तच्या कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर यासाठी चार्ज घेता येत नाही.
- किमान शिल्लक: शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचं आणि ती भरून काढायला निदान महिनाभर द्यायचा. केवळ या दंडापायी बचत खातं उणे जाऊ द्यायचं नाही. जनधनसारख्या मूलभूत खात्यांना किमान शिल्लकीची अटच नाही.
- हॉटेलातला सर्व्हिस चार्ज: हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात परस्पर लावायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मनाई उचलून धरली, आणि त्या निकालाविरुद्ध अपील झालं आहे. बिलातून तो काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.
- गृहनिर्माण सोसायटी: फ्लॅट भाड्याने दिला, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि ही टक्केवारी मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. तुमच्या फ्लॅटमध्ये आईवडील किंवा मुलं अशी जवळची माणसं राहत असतील, तर तो लागतच नाही.
- वीजबिल: ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ या वीज कंपनीच्या रकमा आहेत. ‘वीज शुल्क’ हा राज्य सरकारचा कर. ‘एक युनिटही वापरलं नाही, तरी बिल कसं?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर स्थिर आकारात आहे.

‘चार्जबॅक’ या शब्दाला घाबरून जाऊ नका. कार्डावरचा चुकीचा किंवा फसवणुकीचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याची ती प्रक्रिया आहे. ती तुमच्याच बँकेकडे सुरू करायची असते, आणि उशीर केला तर हुकते.

बँकेची तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पोलिसांचं चार्जशीट

चार्जशीट किंवा दोषारोपपत्र म्हणजे तपास संपल्यावर पोलिसांनी कोर्टाला दिलेला अहवाल. आमच्या मते या माणसाविरुद्ध पुरावा आहे, एवढंच पोलीस त्यात सांगतात. त्यानंतर कोर्ट तो वाचतं, दोन्ही बाजू ऐकतं आणि आरोप निश्चित करतं. वकील याला ‘चार्ज फ्रेम होणं’ म्हणतात. त्याच्याही पुढे साक्षीपुरावे आणि निकाल. ‘चार्जशीट झालं’ म्हणजे ‘गुन्हा सिद्ध झाला’, असं गावभर पसरतं आणि घरातली माणसं मान खाली घालून वावरू लागतात. तसं काहीही झालेलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून ही प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. आरोपीच्या बाजूने असाल, तर हे ध्यानात ठेवा:

- चार्जशीट आणि सोबतच्या कागदांची प्रत मोफत मिळणं हा हक्क आहे. हजर झाल्यापासून १४ दिवसांत ती मिळायला हवी.
- माणूस अटकेत असेल आणि गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट दाखल झालं नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. तो मागावा लागतो. अर्जाआधी चार्जशीट येऊन पडलं, तर ही संधी जाते. म्हणून दिवस घरच्यांनीही मोजावेत.
- पुरावाच नाही असं वाटत असेल, तर आरोप निश्चित होण्याआधी डिस्चार्जचा अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे: सत्र न्यायालयाच्या खटल्यात प्रकरण तिथे वर्ग झाल्यापासून, आणि पोलीस अहवालावरच्या वॉरंट खटल्यात कागदांच्या प्रती मिळाल्यापासून.
- आरोप वाचून समजावून सांगणं हे कोर्टाचं काम आहे. कळलं नसेल तर तसं सांगा. कळल्याशिवाय ‘कबूल’ म्हणू नका.
- वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

तुम्ही फिर्यादी असाल, तर तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायला हवं. चार्जशीटऐवजी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी दाखल होऊ शकते. गुन्हा खरा पण गुन्हेगार सापडला नाही तर ‘ए’, फिर्याद खोटी वाटली तर ‘बी’, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झाली असं वाटलं तर ‘सी’. ती मान्य करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं जातं, त्या तारखेला गैरहजर राहू नका.

नोकरीच्या किंवा पडताळणीच्या अर्जात गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्न वेगळा वाचा आणि खरं उत्तर द्या. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयाची चौकट घालून दिली. किरकोळ प्रकरण खरं सांगितलेल्या उमेदवाराचा विचार होऊ शकतो, पण माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं.

फोनवरून सांगितलेले ‘चार्जेस’

दोन अर्थांची मुद्दाम सरमिसळ करून लोकांना लुटण्याचा प्रकार सध्या फार वाढला आहे. ‘तुमच्यावर मनी लाँडरिंगचे चार्जेस आहेत’ असा व्हिडिओ कॉल येतो. गणवेशातला माणूस दिसतो, आणि मग ‘क्लिअरन्सचे चार्जेस’ म्हणून पैसे मागितले जातात. निवृत्त, एकटी राहणारी माणसं यात आयुष्याची पुंजी गमावतात, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना हे शांतपणे समजावून सांगा:

- आरोप पैसे भरून फोनवर मिटत नाही. कोणतंही पोलीस खातं किंवा कोर्ट तसं करत नाही.
- ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवला म्हणून कुणी अटक करत नाही.
- पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

नोकरीतलं चार्जशीट

याचा पोलिसांशी संबंध नाही. इथे जामीन नाही, कोर्ट नाही. वरिष्ठांनी गैरवर्तनाचे आरोप लेखी दिले आहेत आणि ठरावीक दिवसांत उत्तर मागितलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी कर्मचाऱ्याला चौकशी आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. मोजके अपवाद तिथेच दिले आहेत. राज्य कर्मचाऱ्यांची चौकशी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे चालते.

- चार्जशीट घ्यायला नकार देऊ नका. तारीख घालून सही करा. सही म्हणजे कबुली नव्हे.
- आरोपांसोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी आहे का पाहा. नसेल तर लेखी मागा.
- मुदत अपुरी असेल, तर ती संपण्याआधी वाढवून मागा.
- प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर द्या. रागाच्या भरात लिहिलेलं लांबलचक निवेदन पुढे तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.
- चौकशीच्या तारखा चुकवल्या, तर ती एकतर्फी पुरी होते.
- शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मागा. ती मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मान्य केला आहे.

कारखान्यातल्या कामगाराला चौकशी चालू असताना निलंबित केलं, तर पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो, आणि कामगाराच्या दोषाने चौकशी लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के. एकाच घटनेवरून पोलीस खटला आणि खात्याची चौकशी दोन्ही चालू शकतात. कोर्टातून सुटका झाली, म्हणून खात्याची चौकशी आपोआप संपत नाही. दोन्हींची उत्तरं वेगळी द्यायची, पण ती एकमेकांशी विसंगत नसावीत म्हणून आधी एकाच वकिलाला दाखवायची.

चार्ज देणं आणि घेणं

बदली झाली, निवृत्त झालात किंवा सोसायटीची नवी समिती निवडून आली, की पदाचा चार्ज द्यावा-घ्यावा लागतो. घेताना यादीशिवाय सही करू नका. रोख, बँक पुस्तकं, चेकबुक, पावती पुस्तकं, किल्ल्या, संगणकाचे पासवर्ड आणि चालू असलेल्या दाव्यांचे कागद हे सगळं यादीत एकेक करून यायला हवं. जे मिळालं नाही, त्यापुढे ‘प्राप्त नाही’ असं लिहून मगच सही करा. देणाऱ्यानेही एक सहीची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण लेखापरीक्षणात वर्षांनंतर एखादं पावती पुस्तक सापडलं नाही, तर पहिली विचारणा त्यालाच होते. जुने पदाधिकारी दप्तर देत नसतील, तर तगादा तोंडी न ठेवता लेखी मागणी करा आणि तिची प्रत लगेच निबंधक कार्यालयाला द्या.